राहून गेलेली ओळ

बंगळूरच्या दक्षिणेला बेगूर नावाचं गाव आहे. एके काळी ते स्वतंत्र होतं, आता वाढत्या शहरानं त्याला पोटात घेतलंय. तिथल्या नागेश्वराच्या देवळाच्या आवारात एक शिलालेख आहे. इसवी सन ८९०च्या सुमाराचा, जुन्या कानडीतला. ‘बेंगळूरच्या लढाईत’ एक माणूस कामी आला, अशी नोंद त्यावर आहे. या शहराचं नाव लेखी स्वरूपात सापडतं ते सगळ्यात आधी या दगडावर. एवढं मोठं शहर, जगभर गाजलेलं. पण त्याच्या नावाचा सर्वांत जुना पुरावा जपला तो लढाईत पडलेल्या एका माणसाच्या आठवणीनं!

असे दगड आपल्या महाराष्ट्रातही गावोगाव दिसतात. देवळाच्या मागे, पाराशेजारी, कधी शेताच्या बांधावर. आपण त्यांना वीरगळ म्हणतो. खाली लढणारा वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहावी. त्या काळी गावाला एवढं कळत होतं, की जो आपल्यासाठी लढला त्याची नोंद झाली पाहिजे.

आज दगड घडवत नाहीत. आजच्या सैनिकाची वीरगळ म्हणजे कागद. फौजेत त्याला ‘शीट रोल’ म्हणतात. भरती झाल्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत जवानाच्या आयुष्यात जे जे घडलं, ते त्यात उतरत जातं. कुठल्या तुकडीत होता, कुठे नेमणूक झाली, लग्न कधी झालं, मुलं किती, जखम कुठे झाली आणि पदकं कोणती मिळाली. यातली प्रत्येक गोष्ट आधी तुकडीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापून यावी लागते. तिथे आली तर ती रेकॉर्ड ऑफिसात पोचते, आणि तिथे पोचली तरच सरकारच्या लेखी ती घडली. नाही आली, तर घडलीच नाही!

ही रेकॉर्ड ऑफिसं रेजिमेंटप्रमाणे देशभर विखुरलेली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. पण बंगळूर हे या बाबतीत मोठं ठाणं. मद्रास सॅपर्स, पायोनिअर कोअर, मिलिटरी पोलीस यांचे कागद तिथे. पॅराशूट रेजिमेंटचं केंद्रही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आग्र्याहून बंगळूरला गेलं. त्यामुळे गंमत अशी झाली, की कितीतरी मराठी घरांचा इतिहास आज कर्नाटकच्या राजधानीत फायलींमध्ये बांधून ठेवलेला आहे. दुसरी पॅरा ही तर मूळची मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ विमानांतून उड्या टाकून पूल ताब्यात घेणारी आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांमधली. त्या दिवशी छत्र्यांना लटकून उतरलेली पोरं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या कुणा आजोबांच्या नोंदीत काही राहून गेलं असेल, तर पत्र लिहायचं बंगळूरला.

आणि नोंदी राहून जातात. कसं, ते पाहा.

पदकं मुख्यतः दोन प्रकारची. एक शौर्याची. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक ही या जातीची. ती मागून मिळत नाहीत. वरच्या अधिकाऱ्यानं शिफारस करावी लागते, ती पायरी पायरीनं वर जावी लागते. दुसरी सेवेची. म्हणजे अमुक युद्धात अमुक भागात होता, अमुक इतकी वर्षं सेवा केली, यासाठीची. १९६५च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक होतं. १९७१च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि त्या काळात फौजेत असलेल्यांना संग्राम पदक. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदकं वेगळी. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक. या दुसऱ्या जातीतली पदकं म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. अटी पुऱ्या झाल्या की ती त्या माणसाची असतात.

आता समजा, एक जवान आपल्या मूळ तुकडीतून दुसऱ्या तुकडीला तात्पुरता जोडलेला होता. युद्ध त्यानं दुसऱ्यांबरोबर केलं, कागद मात्र पहिल्या ठिकाणी. किंवा समजा, तो जखमी होऊन आधी एका, मग दुसऱ्या इस्पितळात फिरत राहिला आणि इकडे पलटणीनं पदकाच्या याद्या पाठवून दिल्या. किंवा युद्ध संपलं, मुदत भरली, जवान घरी आला. पदक वाटपाचा हुकूम नंतर निघाला. पलटणीतले सोबती पदक लावून परेडला उभे राहिले आणि हा गावी औत धरून. कुणी मुद्दाम वाईट केलं नाही. कारकुनाच्या हातून एक ओळ राहिली, एवढंच. पण त्या ओळीअभावी एका माणसाचं युद्धच पुसलं जातं.

यावर आपल्याकडे नेहमी एक वाक्य ऐकू येतं. ‘जाऊ द्या हो, पदकासाठी का लढले होते?’ वाक्य मोठं उदात्त वाटतं. म्हणणारा बहुधा घरात बसलेला असतो! ज्यानं लढाई केली त्यालाही ते खरं वाटतं, म्हणून तो गप्प बसतो. मागणं म्हणजे हात पसरणं, अशी आपल्या जुन्या माणसांची समजूत. पण नोंद दुरुस्त करा म्हणणं ही याचना नाही. सात-बाऱ्यावर नाव चुकलं तर आपण तलाठ्याकडे दहा खेटे घालतो. तिथे नाही लाज वाटत!

शिवाय प्रश्न केवळ मानाचा नसतो. सेवेच्या पदकाला पैसे जोडलेले नसले, तरी शौर्यपदकाला दरमहा भत्ता असतो. आणि जखमेची नोंद ‘युद्धात जखमी’ अशी झाली आहे की नुसती ‘दुखापत’ अशी, यावर निवृत्तिवेतनातला फरक चांगलाच मोठा पडतो. त्या एका शब्दावर पुढे विधवेची चूल अवलंबून असते.

नोंद दुरुस्त होते का, आणि झाली तर कशामुळे, हे समजून घ्यायला कर्नाटकातलीच एक हकिगत सांगतो.

कोडगू, म्हणजे आपण ज्याला कूर्ग म्हणतो, तिथले अज्जमाडा बोपय्या देवय्या हवाई दलात स्क्वाड्रन लीडर होते. ७ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानच्या सरगोधा या बलाढ्य हवाई तळावर पहाटे हल्ला करायचा होता. पंजाबातल्या आदमपूरहून एक नंबरच्या स्क्वाड्रनची बारा मिस्टियर विमानं निघणार होती. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांचं. देवय्या राखीव होते, एखादं विमान ऐन वेळी मागे पडलं तर जाण्यासाठी. ती वेळ आली आणि ते निघाले. हल्ला झाला, बाकीची विमानं परतली. देवय्या परतले नाहीत. कुणी त्यांना पडताना पाहिलं नव्हतं. कागदावर शब्द लागला, ‘बेपत्ता’. युद्ध संपलं, पदकं जाहीर झाली, तनेजांना वीर चक्र मिळालं. देवय्यांच्या नावापुढे काही नव्हतं. असणार तरी कसं? साक्षीदारच नव्हता.

चौदा वर्षं गेली. १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचं १९६५च्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. लेखकाला माहिती पाकिस्तानी हवाई दलाकडून मिळालेली. त्यात एक हकिगत होती. सरगोधाहून परतणाऱ्या एका भारतीय मिस्टियरला पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानानं गाठलं. स्टारफायटर त्या काळचं अद्ययावत अमेरिकन विमान, आवाजाच्या दुप्पट वेगाचं. मिस्टियर त्याच्यापुढे म्हणजे घोड्यापुढे तट्टू. पण मार खाल्लेल्या त्या तट्टानं पळ काढला नाही. उलट फिरून झुंज दिली आणि स्टारफायटरच पाडलं! पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीनं उतरून वाचला. भारतीय वैमानिक मात्र गेला. त्याचं नाव पुस्तकाला ठाऊक नव्हतं.

तनेजांना ठाऊक होतं. त्या सकाळी परत न आलेलं मिस्टियर एकच होतं आणि ते कोण चालवत होतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? ते आता निवृत्त ग्रुप कॅप्टन होते. त्यांच्या छातीवर वीर चक्र होतं. त्यांना स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं. पण आपल्या माणसाची नोंद अर्धवट राहिली आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी सरकारदरबारी हे प्रकरण लावून धरलं. आणि १९८८ साली, मृत्यूनंतर तब्बल २३ वर्षांनी, स्क्वाड्रन लीडर देवय्यांना महावीर चक्र जाहीर झालं. ते त्यांच्या पत्नी सुंदरी देवय्या यांच्या हाती आलं. मडिकेरीत आज त्यांच्या नावाचा चौक आहे. २०२५च्या जानेवारीत ‘स्काय फोर्स’ हा हिंदी चित्रपट याच घटनेवर बेतून आला, तेव्हा अनेक घरांत हे नाव पहिल्यांदा पोचलं.

या हकिगतीत मला विमानयुद्धाइतकंच मोठं वाटतं ते तनेजांचं वागणं. शत्रूपक्षानं पुरावा पुरवला, पण तो नुसता छापील कागद होता. त्याला नाव जोडणारा जिवंत साक्षीदार मिळाला म्हणून नोंद दुरुस्त झाली. दोन्ही हवेत. कागद एकटा मुका असतो आणि साक्षीदार एकटा असला तर त्याला कुणी विचारत नाही.

नोंद चुकण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि ते कारकुनाच्या चुकीहून कडू असतं. १९९९च्या कारगिल युद्धात बटालिकच्या भागात लढणाऱ्या ७० इन्फंट्री ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचं उदाहरण सर्वश्रुत आहे. युद्धानंतर त्यांना मिळालं ते विशिष्ट सेवा पदक, जे शांततेच्या काळातल्या चांगल्या सेवेसाठीही दिलं जातं. पुढची बढतीही हुकली. आपल्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठानं नीट लिहिला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते न्यायालयात गेले. मे २०१०मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणानं निकाल दिला, की अहवाल लिहिताना वरिष्ठानं पक्षपात केला. त्यांच्याबद्दलचे प्रतिकूल शेरे काढून टाकण्याचा आणि युद्धाच्या वृत्तांतातली नोंद सुधारण्याचा आदेश झाला. अकरा वर्षांनी!

हे न्यायाधिकरण २००७च्या कायद्यानं आलं आणि २००९पासून चालू झालं. त्याआधी जवानाला दाद मागायची तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे आणि तिथे दिवाणी खटल्यांच्या ढिगात त्याचा कागद तळाला जाई. आता मुंबईतही न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. पण कुणी असं समजू नये, की तिथे जाऊन शौर्यपदक मिळवता येतं. शौर्य मोजण्याचं काम न्यायाधीश करत नाहीत. नियम पाळले का, नोंद खरी आहे का, मुद्दाम अन्याय झाला का, एवढंच ते पाहतात. हक्काच्या सेवापदकाची गोष्ट वेगळी. ते बहुतेक वेळा न्यायालयाविनाच, कागद दाखवून मिळू शकतं.

अमेरिकेत या कामासाठी वेगळी मंडळंच आहेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६च्या कायद्यानं, प्रत्येक दलाच्या नोंदी दुरुस्त करणारी मंडळं नेमण्यात आली आणि त्यावर गणवेशातले अधिकारी न बसवता नागरी माणसं बसवली. तिथेही अन्याय झाले नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या लाखो कृष्णवर्णीय सैनिकांपैकी एकालाही तिथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं नव्हतं. नव्वदच्या दशकात कागद पुन्हा तपासले गेले आणि जानेवारी १९९७मध्ये सात जणांना ते दिलं गेलं. सातांपैकी हयात होते एकटे व्हर्नन बेकर. इटलीतली त्यांची लढाई १९४५च्या एप्रिलमधली. पदक घ्यायला ते उभे राहिले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. बाकी सहा जणांना ते मरणोत्तर मिळालं. न्याय झाला हे खरंच. पण ज्याच्यासाठी झाला तो ऐकायला नव्हता.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी मात्र ऐकलं. ईएमईचे जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांनी पोहणं धरलं आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक विश्वविक्रमासह जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पुढे २०१८मध्ये पद्मश्री मिळाली, आणि अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते हाती पडला तो १७ जानेवारी २०२५ रोजी. वय ऐंशी. हा मान खेळाचा, फौजेच्या नोंदीचा नव्हे. तरी नियम तोच. त्यांचं आयुष्य लांबलं म्हणून न्याय त्यांना गाठू शकला.

सगळ्यांचं आयुष्य लांबत नाही. म्हणून आता घरच्यांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

घरात माजी सैनिक असतील तर त्यांचं डिस्चार्ज बुक काढा. लोखंडी ट्रंकेत, गाद्यांच्या घडीखाली, कुठेतरी असतंच. त्यात पदकांचा रकाना असतो. तो वाचा. मग आजोबांना समोर बसवून विचारा, तुम्ही कोणत्या साली कुठे होता? रकाना आणि आठवण जुळत नसेल तर तिथे काहीतरी राहून गेलंय. त्यांचं बोलणं तारखांसह लिहून काढा. तुकडीचं नाव, कंपनी, कमांडरचं नाव, सोबत्यांची नावं. जुनी पत्रं, फोटो, इस्पितळाचे कागद एकत्र करा. पलटणीतला एखादा सोबती हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. हे काम सगळ्यात आधी. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

मग रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. सैन्यक्रमांक, हुद्दा, नाव, सेवेचा काळ आणि नेमकी कोणती नोंद हवी ते. तक्रारीचा सूर नको, मागच्या वीस वर्षांचा राग नको. एक पानाचा अर्ज, सोबत प्रती. मूळ कागद कधीही पाठवू नका. भाषा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा; अर्ज लिहून पुढे पाठवणं हे त्यांचं कामच आहे. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५च्या कायद्याखाली दहा रुपयांत आपल्या स्वतःच्या नोंदीची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न्यायाधिकरणाचा रस्ता त्यानंतरचा. तिथे मात्र मुदतीचं बंधन असतं, म्हणून शेवटचं उत्तर हाती आल्यावर स्वस्थ बसू नका.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. निवृत्तिवेतन न घेता फौजेतून बाहेर पडलेल्यांचे सेवेचे कागद कायम ठेवले जात नाहीत. पंचवीस वर्षांनी ते नियमानुसार नष्ट केले जातात. अशा माणसाजवळचं डिस्चार्ज बुक हाच मग जगातला एकमेव पुरावा. ते वाळवीला देऊ नका.

साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तुम्हाला ठाऊक असेल. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांची आठवण तिथे दगडावर कोरलेली आहे. ब्रिटिशांनी दगड बसवला, गावानं तो जपला. ज्या गावांना असा दगड मिळाला नाही, तिथल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत दगड आपणच. ते आपणहून बोलणार नाहीत. ‘झालं गेलं, राहू दे’ म्हणतील, विडी पेटवतील आणि विषय बदलतील. त्यांचं ऐकू नका. पुढच्या रविवारी टीव्ही बंद करा, ट्रंक उघडा, आणि वही-पेन घेऊन समोर बसा. पहिला प्रश्न सोपा आहे : ‘आबा, तुमची पलटण कोणती?’